सत्ताविभाजन आणि युद्धाचा अधिकार

सैन्य चालवणारा, तिजोरीची किल्ली राखणारा आणि कायद्याचा अर्थ लावणारा वेगवेगळा असला, की कोणत्याही नेत्याला केवळ स्वतःच्या मर्जीने लढाई करता येत नाही, हे सत्ताविभाजनाच्या तत्त्वाचे सार.

भारतात संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. पण घटनेच्या अनुच्छेद ५३(२) नुसार त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो आणि ७४ नुसार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. युद्ध पुकारण्यापूर्वी संसदेचे मत घ्यावे, असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही. संसदेचा लगाम आडून लागतो. खर्च तिच्याच मंजुरीने होतो आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. आणीबाणीची उद्घोषणा महिन्याभरात दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मंजूर केली नाही, तर ती संपते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीपूर्वी ही मुदत दोन महिने होती. अमेरिकेत युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. तरी तिच्या संमतीशिवाय सैन्य लढाईत ठेवण्यावर ६० दिवसांची मर्यादा घालणारा वेगळा कायदा १९७३ मध्ये करावा लागला, यावरून राष्ट्राध्यक्ष किती सैल सुटले होते ते कळते.

कोकणात मात्र या तत्त्वाची गल्लत सत्तेच्या वाटणीशी होते. वाटणी म्हणजे काय, हे कोकणी घरांना सांगायला नको. १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम निघाली. जमिनीवर बाजीराव पेशवे, समुद्रात सेखोजी आंग्रे; पण जूनमध्ये प्रतिनिधींच्या (छत्रपतींच्या दरबारातील पेशव्यांचे प्रतिस्पर्धी) माणसांनी रायगड परस्पर घेतला आणि आपसांतील चढाओढ वाढली. ऑगस्टमध्ये सेखोजी वारले. डिसेंबरात जंजिरा न घेताच तडजोड झाली. इथे पेशव्यांना अडवले ते नियमाने नव्हे, हेव्यादाव्यांनी. कोणाच्या संमतीशिवाय काय करता येणार नाही, हे ठरवणारी सभा नव्हती. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा शब्द हाच काय तो दुवा.

पुढे आंग्र्यांच्या घरातच वाटणी झाली: सेखोजींच्या भावांपैकी कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे. संभाजींनंतर आलेल्या तुळाजींशी पेशव्यांचे बिनसले, तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. असा करार कोणी रोखावा, याची तरतूदच नव्हती. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि किल्ला पेशव्यांना मिळाला तो ऑक्टोबरातील तहानंतर, इंग्रजांच्या हातून.