ब्लोअर बंद, जिवाणू उपाशी

आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगखालोखाल आवाज चढला तो तळघरातल्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या, वीजबिलावरून. खजिनदारांनी तोडगा काढला: टाकीत हवा फुंकणारा ब्लोअर रात्री अकरा ते सहा बंद. ‘‘रात्री पाणी वापरतंय कोण?’’ सगळ्यांना पटलं.

पंधरा दिवसांनी खाली डोकावलो. ऑपरेटरने लिटरभराच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी घेऊन ठेवलं होतं. अर्ध्या तासात गाळ तळाला बसतो, वर नितळ पाणी राहतं. टाकीची तब्येत कळायची ही सर्वांत स्वस्त तपासणी. निरोगी गाळ चॉकलेटी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. आमचा काळा पडला होता आणि वास सडक्या अंड्यांचा.

सांडपाणी शुद्ध करणं म्हणजे गाळणं, असं पुष्कळांना वाटतं. गाळणं ही नुसती सुरुवात. मुंबई पालिकेच्या वरळी आणि वांद्र्याच्या केंद्रांत वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच झालं: जाळीत चिंध्या-प्लास्टिक अडवायचं, रेती बसू द्यायची आणि उरलेलं बोगद्यातून तीन किलोमीटरहून आत समुद्रात. विरघळलेली घाण खातात ते जिवाणू. ती खाताना ते किती प्राणवायू संपवतील याचं माप म्हणजे बीओडी. २०१७च्या अधिसूचनेत महानगरांसाठी त्याची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम होती. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितलं आणि एकूण नायट्रोजनलाही १० ची मर्यादा घातली. चर्चा बीओडीची होते; पालिकेच्या तिजोरीला चिमटा काढतो तो नायट्रोजन.

लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. शिवाय ही मंडळी वाढतात रमतगमत. इतर घाण खाणारे काही तासांत दुप्पट होतात, यांना दिवसभर लागतो. टाकीतला जादा गाळ काढत राहावाच लागतो; तो यांच्या वाढीपेक्षा भरभर काढला तर हेही त्याच्याबरोबर जातात. म्हणून गाळ जास्त दिवस मुरवायचा, म्हणजे टाकी मोठी, आणि मुंबईत जागा कुठे आहे? बरं, नायट्रेट हाही नायट्रोजनच. त्याचा वायू करून हवेत सोडणारे जिवाणू वेगळे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू नसेल तेव्हाच ते नायट्रेटमधला ओढून घेतात. वर त्यांना खायला सेंद्रिय कार्बन हवा, आणि तो तर आधीच्यांनी फस्त केलेला! मग नायट्रेटचं पाणी पंपाने उलटं फिरवून ताज्या मैल्यात सोडायचं. हे सगळं शहराच्या मापाने: जानेवारी २०२३मध्ये भूमिपूजन झालेल्या सात केंद्रांची क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर, खर्च सुमारे १७,२०० कोटी. हा बांधण्याचा खर्च. ब्लोअरचं बिल दरमहा वेगळं, कारण अशा केंद्रांची साधारण निम्मी वीज हवा फुंकण्यातच जाते.

अमोनिया खाणारे नाजूकही आहेत. निकेल, तांबं, सायनाइड यांचा फटका त्यांना लवकर बसतो. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा देणाऱ्या, गाळ्यातलं धुवण रात्री गटारात सोडलं, की केंद्राच्या बिघडलेल्या अहवालाला तोंड द्यायचं पालिकेने. गाळेवाल्याने खरं तर चुना घालून सामू चढवायचा, धातू खाली बसवायचे, तो साका फिल्टर प्रेसमध्ये पिळायचा आणि तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवायचा. मोठ्या कारखान्याला हे झेपतं. चार कामगारांच्या गाळ्यात प्रेस ठेवायची कुठे? अशांसाठी सामायिक प्रक्रिया केंद्र हाच मला दिसणारा मार्ग. नुसत्या नोटिशीने ते धुवण आणखी अंधारात सोडलं जाईल.

‘नाल्यात टाका, आठवड्यात पाणी स्वच्छ’ अशा पुड्याही विकायला येतात. पुडीतल्या जिवाणूंनाही हवा फुकट मिळत नाही. पण पाण्याच्या चमत्कारावर आपला विश्वास चटकन बसतो: ऑगस्ट २००६मध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक ते बाटल्या भरभरून प्यायले, तेही मिठी नदी जिथे आपला मैला आणून ओतते तिथे! गोड लागलं याचा अर्थ मीठ कमी, एवढाच.

खजिनदारांना हे सगळं मी लिफ्टमध्ये, आठ मजल्यांत सांगायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी हवा थोडा वेळ मुद्दाम बंदही ठेवतात, पण पाणी ढवळत ठेवून आणि मोजून, हेही सांगितलं. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात आलं ते एवढंच: ‘हवा मुद्दाम बंदही ठेवतात.’