चढ दमवतो, उतार मोडतो

1968 च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर शर्यत 29 मिनिटं 27 सेकंदांत जिंकली गेली. तेव्हाचा विश्वविक्रम 27 मिनिटं 39 सेकंदांचा होता आणि तो ज्याच्या नावावर होता, तो रॉन क्लार्क सहावा आला. रेषा ओलांडताच तो कोसळला आणि त्याला ऑक्सिजन लावावा लागला. त्याच मैदानावर बॉब बीमनने 8.90 मीटर लांब उडी मारली! विरळ हवा उडी मारणाऱ्याला अडवत नाही आणि लांब पल्ल्याच्या धावपटूला सोडत नाही. हे झालं 2,240 मीटर उंचीवर. डोंगरी शर्यती याच्या कितीतरी वर जातात.

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण म्हणतो, पण हवेतलं त्याचं प्रमाण सगळीकडे 21 टक्केच असतं. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याचे 760 मिलिमीटर असतो, साडेपाच हजार मीटरवर साधारण निम्मा. त्यात आणखी एक गोम आहे. श्वास आत जाताना ओलावतो आणि या वाफेचा दाब कुठेही गेलात तरी 47 मिलिमीटरच राहतो. म्हणजे एकूण दाब घटला तरी वाफेचा वाटा तेवढाच. हिशेब केला तर आत घेतलेल्या ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीला सुमारे 150 भरतो आणि 3,500 मीटरवर 93 च्या आसपास.

ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दीड हजार मीटरनंतर दर 100 मीटरला ढोबळमानाने एक टक्का घटते. 3,500 मीटरवर जवळपास पाचवा हिस्सा गेला. म्हणून मनगटावरच्या घड्याळातला खाली सपाटीवरचा पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, वर पाळू नका. अख्खं वाक्य धाप न लागता बोलता येतंय का, ही कसोटी जास्त खरी. तीव्र चढावर तर गुडघ्यांवर हात टेकून झपझप चालणं पळण्यापेक्षा स्वस्त पडतं. तिथे चालण्यात कमीपणा काही नाही.

शरीर उंचीला सरावतं, पण त्याच्या गतीने. आधी श्वास वाढतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडं काही दिवसांत बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा तोल सावरतात. पहिल्या दिवसांत लघवीला वारंवार जावं लागतं ते बऱ्याच अंशी याचमुळे. पहिल्या रात्री बोटाला ऑक्सिमीटर लावून झोपलेल्याकडे पाहा: श्वास वाढत जातो, मग काही सेकंद चक्क थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि आकडा त्याच तालावर खालीवर होतो. लाल पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक काही तासांतच वाढतं, पण नव्या लाल पेशींनी खरा फरक पडायला आठवडे लागतात. पेशींना ऑक्सिजनची टंचाई कळते कशी, हे उलगडणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं.

तेव्हा जमल्यास शर्यतीआधी दोन-तीन आठवडे वर मुक्काम करा. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नका. दोनेक महिने आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या, कारण लोह नसेल तर लाल पेशी बनणार कशातून? तोंडाला लावायचे ते ‘अल्टिट्यूड मास्क’ मात्र राहू द्या. ते श्वास अडवतात, हवेचा दाब कमी करत नाहीत. वर गेल्यावर डोकं दुखून मळमळायला लागलं तर तिथेच थांबा. बसल्या जागी धाप लागली किंवा पाय लटपटू लागले, तर शर्यत विसरून लगेच खाली उतरा.

इथवरचं बरंचसं शरीर स्वतः करतं, आपण त्याला फक्त वेळ द्यायचा. ज्याची तयारी पूर्णपणे आपल्या हातात असते आणि जी बहुतेक जण करतच नाहीत, ती म्हणजे उताराची. अमेरिकेतली पाइक्स पीक मॅरेथॉन 4,302 मीटरच्या शिखरापर्यंत चढते आणि त्याच वाटेने परत येते. अर्धी शर्यत निव्वळ उतार! उतारावर मांडीचा पुढचा स्नायू आखडायचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो. दर पावलाला तो ब्रेक लावत असतो. यात दम फारसा लागत नाही, म्हणून फसायला होतं. स्नायूंचे बारीक तंतू विस्कटतात आणि दुखणं वर येतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

गंमत म्हणजे या इजेची लस इजेतच आहे. उताराचा एकच सराव स्नायूला पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी संरक्षण देतो. डोंगर जवळ नसेल तर उंच इमारतीचा जिना उतरा, पण पावलं आखूड ठेवा आणि शेवटचा जोरकस सराव शर्यतीच्या दोन आठवडे आधी आटपा. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी कठडा धरून, अंग तिरकं करत एकेक पायरी उतरावं लागेल. पंधरा दिवसांनी तोच सराव पुन्हा करा आणि दुसऱ्या दिवशी कठड्याला हात लागतो का ते बघा.