पार्श्वभूमी : गोदेची निळी रेघ, लाल रेघ

नाशकात पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी त्याच्या गुडघ्याला की छातीला, यावरून सराफ बाजारातला दुकानदार माल माडीवर चढवतो. १९६९चा पूर पाहिलेली माणसं अजूनही त्याच मापात बोलतात. पूररेषांची भाषा रुळली ती १९ सप्टेंबर २००८च्या पुरानंतर.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. सगळा घोळ या ‘एकदा’त आहे. एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी बघू, असा अर्थ लोक काढतात. ही नुसती शक्यता आहे : निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची दरवर्षी शंभरात चार, लालपर्यंत शंभरात एक. म्हणून २००८ नंतर २०१६ला आणि २०१९ला पुन्हा गोदाकाठ बुडाला, यात रेषा चुकली असं काही नाही. गंगापूर धरणातून पाणी कधी आणि किती सोडतात यावरही पातळी ठरते. पूर आभाळातून आला की दरवाज्यांतून, हा वाद दर पावसाळ्यात निघतोच. आणि नाले बुजवले, पात्रात काँक्रीट ओतलं की तेवढंच पाणी आणखी वर चढतं. नकाशावरची रेघ मात्र हलत नाही.

रेषा सर्वांना सारखी, नियम नाही. निळ्या रेषेच्या आत एरवी बांधायला बंदी, पण राज्याच्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियमावलीने तिथेही पुनर्विकासाची वाट ठेवली : जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्या, बांधा. अट अशी, की मूळ बांधकाम ‘अधिकृत’ हवं. म्हणजे पडका वाडा उंच होऊ शकतो. शेजारच्या झोपडीला हा शब्दच लागू नाही. तिला विचारतात ती वेगळीच रेघ, तारखेची : सरकारने ठरवलेल्या दिवसाआधीची आहेस का? फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, निघाला तर घरकुल, तेही बहुधा शहराच्या चुंचाळ्यासारख्या टोकाला. रामकुंडावर पहाटे फुलांची टोपली मांडणारीने तिथून पाचला यायचं कसं, हा रकाना अर्जात नसतो.

आणि घाट? घाट निळ्या रेषेच्या आतच असणार, त्याला इलाज नाही. पण रामकुंडासारख्या नदीपात्रातल्या कुंडांच्या तळाचं काँक्रीट कुंभमेळ्याच्याच नावाने आलं, आणि ते फोडून झरे मोकळे करा म्हणून लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. २०१५च्या कुंभासाठी नवे घाट बांधले, आता २०२७ची तयारी. तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, दर बारा वर्षांनी लागणाऱ्या जमिनीवर शेतकऱ्यांना मधली अकरा वर्षं धड बांधता येत नाही, विकावं तर आरक्षण आडवं येतं. २०२५च्या अखेरीस तिथल्या झाडांवरही कुऱ्हाडीची वेळ आली, तेव्हा माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. त्यांना मिळालेलं उत्तर काठावरच्या झोपड्यांना पाठ आहे : दुसरीकडे लावून देऊ.