गळाच्या गाठी आणि ‘शंभर टक्के’ या शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

गरवणाऱ्यांत, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांत, ‘सगळ्यांत पक्की गाठ कोणती’ हा वाद कायम चालतो. दोरी कोणती आहे ते विचारल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. गेल्या शंभर वर्षांत दोरी मुळापासून बदलत आली आणि प्रत्येक वेळी जुनी गाठ नव्या दोरीवर सुटू लागली. आज आपण बांधतो त्या बहुतेक गाठी अशा सुटण्यातूनच घडल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक गळांना भोकच नसे. दांड्याचे टोक ठोकून चपटे केलेले असे आणि दोरी दांड्यावर गुंडाळून बांधत. कोकणात चपट्या टोकाचा गळ आजही दिसतो, आणि भोकाच्या गळालाही याच पद्धतीने तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) बांधणारे पुष्कळ आहेत. सहा ते आठ वेढे, एकाशेजारी एक, कुठेही एकावर एक न चढवता. भोकाच्या गळाला बांधताना तंगूस गळाच्या अणीच्या बाजूने भोकात घालायचा. उलट बाजूने घातला तर ताण बसल्यावर अणी माशाच्या जबड्याकडे न वळता बाहेर वळते. आतल्या बाजूला वाकलेल्या वर्तुळाकार गळावर ही चूक सर्वांत महागात पडते.

भोकाचा गळ रुळला तेव्हा युरोपात दोरीच्या शेवटी रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेली तात लावत. ती पारदर्शक असे, पण एकेक तुकडा जेमतेम हातभर. दोन-तीन मीटरच्या लीडरसाठी, म्हणजे गळाला जोडायच्या शेवटच्या वेगळ्या दोरीसाठी, असे सात-आठ तुकडे जोडावे लागत, आणि दोन टोके समोरासमोर वेढून जोडणारी ‘ब्लड नॉट’ त्या गरजेतूनच प्रचारात आली. कोरडी तात वाकवली की तडकायची, म्हणून ती आधी पाण्यात भिजवत. गाठ ओली करून आवळायची सवय तेव्हापासूनची. कारण मात्र बदलले आहे. तात मऊ होण्यासाठी भिजवत. नायलॉन भिजवतात ते आवळताना घर्षणाने तापून तो अशक्त होऊ नये म्हणून.

नायलॉन जाहीर झाला १९३८ साली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची एकपदरी दोरी सर्वत्र पोचली. आपल्याकडे सूत आणि सणाच्या, झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवलेल्या जाळ्यांची जागा त्याने साधारण १९६० च्या दशकापासून घ्यायला सुरुवात केली. तातीवर दोन-तीन वेढ्यांत बसणारी गाठ गुळगुळीत नायलॉनवर घसरू लागली. मग वेढे वाढले, पाचवर गेले, आणि सुटे टोक आणखी एकदा फासातून ओवायची पद्धत आली. तीच ‘सुधारित क्लिंच’: भोकातून टोक काढा, मुख्य दोरीभोवती पाच वेढे द्या, भोकाजवळच्या छोट्या फासातून टोक ओवा, त्याने तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा ओवा, थुंकी लावा आणि मुख्य दोरी धरून सावकाश ओढा. ०.३५ मिलिमीटर जाडीपर्यंतच्या तंगुसावर ती उत्तम बसते. ०.५० च्या पुढे पाच वेढे एकमेकांत नीट बसत नाहीत, मधे फट राहते आणि मासा लागल्यावर गाठ तिथेच सरकते. तिथे साडेतीन वेढे पुरतात, नाहीतर गाठच बदलावी.

गळ बांधायच्या दुसऱ्या एका गाठीचा, युनिचा, नावापुरता गोंधळही याच काळातला. ब्रिटनमधली ‘ग्रिनर’, अमेरिकेतला ‘डंकन फास’ आणि ‘युनि’ या तीन वेगळ्या गाठी समजून त्यांची तुलना करणारे अजून भेटतात. बांधणी एकच आहे.

त्याहून मोठा घोळ घातला तो ‘शंभर टक्के गाठ’ (दोरीची पूर्ण ताकद टिकवणारी गाठ) या शब्दाने, आणि तो मुळापासून समजून घ्यायला हवा.

गळाने पकडलेल्या माशांच्या जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी मुख्य संस्था (आयजीएफए) १९३९ साली स्थापन झाली. विक्रम दोरीच्या वजनगटानुसार मोजायचे ठरले. त्यामुळे दोरी दोन प्रकारांनी विकली जाऊ लागली. विक्रमासाठीची ‘क्लास’ दोरी छापील आकड्याला किंवा त्याच्या आतच तुटेल अशी बनवतात. बाकीची ‘टेस्ट’ दोरी त्या आकड्याला किंवा त्याच्या वर तुटते. दुकानात मिळते ती जवळजवळ नेहमी दुसरी. म्हणजे छापील आकडा ही खालची हमी आहे, खरी ताकद नव्हे.

शिवाय विक्रमासोबत आलेला दोरीचा नमुना ती संस्था पाण्यात भिजवून तपासते, कारण नायलॉन पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर साधारण दहा ते पंधरा टक्के ताकद गमावतो. आता समजा, पाकिटावर १० पौंड छापलेला तंगूस कोरडा असताना १२.५ पौंडांना तुटतो, ओला ११ ला. त्यावर बांधलेली गाठ १०.२ पौंडांना तुटली. छापील आकड्याशी ताडली तर ही गाठ १०२ टक्के. ओल्या दोरीशी ताडली तर ९३ टक्के. कोरड्याशी ताडली तर ८२. तिन्ही आकडे खरे आणि तिन्ही वेगवेगळ्या तक्त्यांत सापडतात. कोणत्या तक्त्यात कशाशी भागले आहे हे क्वचितच लिहिलेले असते. १०० टक्क्यांच्या वरचा आकडा दिसला की तो छापील ताकदीशी काढलेला आहे एवढे नक्की समजावे. गाठीत वळण आले की ताण सारखा वाटला जात नाही, त्यामुळे गाठ मूळ दोरीपेक्षा जास्त ताकदीची होत नाही.

शंभर टक्क्यांचा मान खऱ्या अर्थाने मिळवला तो बिमिनी पिळाने. विक्रमाच्या नियमांत १० किलोपर्यंतच्या दोरीला समुद्रात १५ फुटांपर्यंत दुपदरी भाग चालतो, आणि हा दुपदरी फास मुख्य दोरी न कमजोर करता तयार करायचा होता. तंगुसावर वीस पीळ घालून, त्यावरून उलटे वेढे घेत आणलेला हा फास ताण एका जागी न घेता लांबीभर पसरवतो. पण तो फास आहे, गळ बांधायची गाठ नव्हे. त्याच्या नावावरचा आकडा साध्या क्लिंचला चिकटवणे हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत पसरलेला खोटेपणा आहे.

घरी तपासायचे असेल तर टक्क्यांची गरजच नाही. एकाच दोरीच्या फूटभर तुकड्याच्या दोन टोकांना दोन गळ, दोन वेगळ्या गाठींनी बांधा. तुकडा तासभर भिजवा आणि पक्कडीने, डोळ्यांवर चष्मा लावून, विरुद्ध दिशांना ओढा. दहा वेळा केले की कोणती गाठ आधी जाते ते दिसते. नंतर तुटलेले टोक बघावे. डुकराच्या शेपटीसारखे कुरळे असेल तर गाठ तुटली नाही, सुटली: वेढे कमी पडले किंवा टोक फार जवळ कापले. सरळ तुटले असेल तर गाठीने आपल्या ताकदीपर्यंत काम केले. पांढुरके, चुरगळलेले असेल तर आवळताना ती तापली.

फ्लुरोकार्बन हा दोरीचा आणखी एक प्रकार १९७१ पासून जपानी बाजारातून आला. तो नायलॉनपेक्षा कडक आहे आणि कोरडा आवळला तर स्वतःलाच कापतो. ओला करून हळू आवळणे एवढाच उपाय.

खरी उलथापालथ केली ती १९९० च्या दशकात आलेल्या विणलेल्या पॉलिथिलिन दोरीने, म्हणजे ज्याला सगळे ‘ब्रेड’ म्हणतात तिने. ती तीन-चार टक्केच ताणली जाते, त्यामुळे झटका गाठीवर थेट येतो. ती मेणासारखी गुळगुळीत आहे आणि नायलॉनच्या मानाने फार कमी तापमानाला, १५० अंश सेल्सियसच्या आसपास, वितळते. सुधारित क्लिंच तिच्यावर सपशेल घसरते. गळ किंवा स्विव्हल (फिरती कडी) थेट बांधायचे तर पॅलोमार गाठ: दोरी दुमडून वीतभर फास भोकातून काढा, दुपदरी साधी गाठ सैल मारा, फास गळावरून पूर्ण पलीकडे न्या, ओली करून दोन्ही पदर एकत्र ओढा. बारीक ब्रेड असेल तर भोकातून दोनदा काढावी. फास भोकाच्या वरच अडकून राहिला किंवा पदर एकमेकांवर चढले की ही गाठही कमजोर होते.

कोकणच्या खडकांवरून जिताडा, तांबोशीसाठी रॉडने फेकणारे वाढले तसा ब्रेड आणि लीडर जोडायचा प्रश्न आपल्याकडे आला. दुहेरी युनि (ब्रेडचे आठ वेढे, लीडरचे चार-पाच) अंधारातही बांधता येते, पण तिची गाठोडी रॉडच्या कड्यांत अडकते आणि शंभर-दोनशे फेकींत झिजते. एफजी गाठीत लीडरला गाठच पडत नाही. ताणलेल्या ब्रेडवर लीडर आलटून पालटून एकदा वरून, एकदा खालून फिरवत वीसेक वेढे घालायचे, मग दोन्ही दोऱ्या धरून जोरात ओढायचे. ब्रेडचा रंग गडद होऊन ती लीडरच्या अंगात रुतलेली दिसली पाहिजे. रंग बदलला नाही तर बसलेली नाही, सोडून पुन्हा बांधावी. मग चार-सहा अर्ध्या गाठी, आणि लीडरचे टोक कापून टाकायचे. ते लायटरने गोल करताना ज्योत ब्रेडला लागली तर ती तिथेच वितळते आणि हे डोळ्यांना दिसत नाही, पहिल्या मोठ्या माशालाच कळते. टोक नुसते कटरने सपाट कापावे.