व्हर्च्युअल मशीनमधील ऑपरेटिंग सिस्टिम ते फर्मवेअर संदेशवहन

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टिम त्याच मशीनच्या फर्मवेअरला (संगणक सुरू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) ज्या मार्गांनी सूचना पोचवते, ते मार्ग. सूचना साध्या असतात: पुढच्या वेळी अमुक डिस्कवरून सुरू हो, सुरू होताना थेट सेटअपच्या पडद्यावर थांब, सिक्युअर बूटच्या (फक्त मान्य सहीचा कोडच सुरू होऊ देणाऱ्या बंदोबस्ताच्या) यादीत ही नोंद घाल. अडचण वेळेची आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती कारभार आला की फर्मवेअरचा बहुतेक भाग मेमरीतून निघून जातो. निरोप ऐकणारा पुन्हा हजर होतो तो रीबूटनंतरच. तोपर्यंत निरोप टिकेल अशी जागा लागते. खऱ्या संगणकात ती मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असते. व्हर्च्युअल मशीनला चिप नसते, होस्टवरची, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकावरची, एक फाइल चिपचे सोंग घेते. या विषयातले बहुतेक गुंते त्या फाइलपाशीच सुरू होतात.

बायोस या जुन्या फर्मवेअरच्या काळात हा व्यवहार फारच तोकडा होता. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून घड्याळाच्या चिपमध्ये बॅटरीवर टिकणारे काही बाइट असत आणि ते ७० व ७१ या षोडशमान क्रमांकांच्या पोर्टांतून लिहिता येत. कोणत्या बाइटचा अर्थ काय, हे बरेचसे ज्या त्या उत्पादकाच्या मर्जीवर. इंटेलने १९९० च्या दशकात इटानियम या प्रोसेसरसाठी ईएफआय या नव्या फर्मवेअर-पद्धतीची आखणी केली, पुढे २००५ मध्ये तिचे प्रमाण सांभाळणारा यूईएफआय फोरम स्थापन झाला आणि या व्यवहाराला ठरीव रूप आले. आता प्रत्येक निरोप म्हणजे एक ‘व्हेरिएबल’: त्याला नाव, नावांची सरमिसळ होऊ नये म्हणून १२८ बिटांचा ओळखक्रमांक, काही गुणधर्म आणि मजकूर. लिहिण्यासाठी ‘सेटव्हेरिएबल’ ही सेवा आहे. फर्मवेअरचा जो थोडा भाग ऑपरेटिंग सिस्टिमसोबत मेमरीत राहतो, त्यात ती असते.

लिनक्समध्ये ही व्हेरिएबले ईएफआयव्हार्स नावाच्या फाइलसिस्टिममधून फाइलींसारखी दिसतात. ‘ओएसइंडिकेशन्स’ हे व्हेरिएबल घ्या. त्याची फाइल १२ बाइटांची. पहिले ४ बाइट गुणधर्मांचे; त्यात ७ हा आकडा असला की व्हेरिएबल वीज गेल्यावरही टिकणारे, बूट होताना वाचता येणारे आणि नंतर चालू सिस्टिमलाही उपलब्ध असे ठरते. उरलेले ८ बाइट म्हणजे ६४ बिटांची संख्या. तिचा सर्वांत खालचा बिट १ केला की ‘पुढच्या बूटला सेटअप उघड’ एवढा निरोप झाला. लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचा फर्मवेअर-सेटअप पर्याय आणि विंडोजच्या शटडाउन आज्ञेचा एफडब्ल्यू पर्याय दोघेही हेच करतात. फर्मवेअर तो बिट वाचते, लगेच पुसते आणि सेटअप दाखवते. फक्त पुढच्या एका बूटसाठी डिस्क ठरवणाऱ्या ‘बूटनेक्स्ट’चेही तसेच: एकदा वापरले की व्हेरिएबल काढून टाकले जाते. आधी पुसायचे आणि मग कामाला लागायचे, हा क्रम महत्त्वाचा. तो उलटा असता तर सुरूच न होणाऱ्या डिस्ककडे मशीन पुन्हापुन्हा वळत राहिले असते.

क्यूईमू-केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअर-जोडीवर बहुधा ओव्हीएमएफ हे फर्मवेअर वापरतात. ते ईडीके-२ या मुक्त प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या दोन फाइली असतात. एकीत कोड, तो सर्व मशीनांना सामाईक आणि फक्त वाचण्यापुरता. दुसरीत व्हेरिएबले, ती प्रत्येक मशीनची स्वतंत्र. ४ एमबीच्या बांधणीत तिचा आकार ५२८ केबी असतो. दोन्ही गेस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, मेमरीत ४ जीबीच्या सीमेखाली फ्लॅश चिप म्हणून मांडल्या जातात. वाचन थेट होते. लिहायला गेले की प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो, क्यूईमू ती फ्लॅशची आज्ञा समजून घेते आणि होस्टवरच्या फाइलमध्ये बदल करते. गेस्टला यातले काही कळत नाही.

इथेच सुरक्षेचा प्रश्न येतो. फ्लॅश जर गेस्टच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) सरळ लिहिता येत असेल, तर सिक्युअर बूटच्या चाव्याही त्याला बदलता येतील. मग तो बंदोबस्त नावापुरताच. म्हणून क्यूईमूच्या क्यू३५ प्रकारच्या मशीनमध्ये सिस्टिम मॅनेजमेंट मोड या प्रोसेसरच्या राखीव अवस्थेचा आधार घेतात. ऑपरेटिंग सिस्टिमची विनंती ठरलेल्या बफरमध्ये ठेवली जाते, बी२ या पोर्टवर लिहून खास इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा इशारा) दिला जातो, आणि कर्नलला न दिसणाऱ्या मेमरीतला फर्मवेअरचा कोड विनंती तपासून स्वतः लिहितो. त्या मोडबाहेरून आलेले लेखन क्यूईमू स्वीकारतच नाही. चाव्यांच्या याद्या बदलायच्या तर विनंतीवर योग्य सहीही लागते.

प्रत्यक्ष कामात मात्र त्रास देतात त्या याहून साध्या गोष्टी. मशीन दुसऱ्या होस्टवर नेताना डिस्कची फाइल नेली आणि व्हेरिएबलांची मागे राहिली, की बूटच्या नोंदी गेल्या. डिस्कवर ठरलेल्या पर्यायी जागी बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) असेल तर मशीन चालू होते, नाहीतर फर्मवेअरच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, अडकते. डिस्क आधी टिपलेल्या स्थितीवर (स्नॅपशॉटवर) मागे नेली आणि व्हेरिएबले पुढचीच राहिली, तरी मेळ बसत नाही. आणखी एक गंमत: होस्टने बूटचा क्रम ठरवून दिला असेल, तर तो क्यूईमूच्या एफडब्ल्यू-सीएफजी या मार्गाने फर्मवेअरला मिळतो आणि ओव्हीएमएफ त्यानुसार ‘बूटऑर्डर’ प्रत्येक वेळी नव्याने लिहिते. गेस्टमध्ये बसून क्रम बदलणाऱ्याला बदल टिकत का नाही ते उमगत नाही. निरोप पोचलेला असतो, पण घरमालकाचा शब्द वरचढ.

खऱ्या यंत्रांवर याच मार्गाने मोठे घोळ झाले आहेत. काही लॅपटॉपांमध्ये व्हेरिएबलांची जागा भरत आली की यंत्र कायमचे बंद पडे; हे २०१३ च्या सुमारास उघड झाले. पुढे २०१६ मध्ये, मुळापासून सगळे पुसणारी आज्ञा ईएफआयव्हार्समधली व्हेरिएबलेही पुसते आणि काही यंत्रे त्यातून उठत नाहीत, हे दिसल्यावर लिनक्सने अनोळखी व्हेरिएबले सहजी पुसता येऊ नयेत अशी सोय केली. व्हर्च्युअल मशीनमध्ये असे झाले तर व्हेरिएबलांची कोरी फाइल ठेवली की भागते.

व्हेरिएबलांखेरीज इतरही वाटा आहेत. चाव्या जपणारी टीपीएम चिप पुसण्यासारखी विनंती एसीपीआयच्या (ऑपरेटिंग सिस्टिम आणि फर्मवेअर यांच्यातल्या ठरीव करारातल्या) पद्धतीतून जाते आणि राखीव मेमरीत थांबते. पुढच्या बूटला फर्मवेअर ती अमलात आणते. मशीन झोपवताना ऑपरेटिंग सिस्टिम जागे झाल्यावर कुठे उडी मारायची तो पत्ता एसीपीआयच्या एका कोष्टकात लिहून ठेवते. एआरएम प्रकारच्या प्रोसेसरांवर चित्र वेगळे दिसते. मशीन बंद करा, रीसेट करा, दुसरा प्रोसेसर चालू करा या विनंत्या (त्यांच्या प्रमाणाचे नाव पीएससीआय) खऱ्या यंत्रात फर्मवेअरकडे जातात. केव्हीएमवर मात्र हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा होस्टवरचा थरच, त्या झेलतो. तिथे फर्मवेअरची भूमिका तोच वठवतो.

हा विचार २०२५ मध्ये क्यूईमूने व्हेरिएबलांनाही लावला. नव्या यूईएफआय-व्हार्स उपकरणात फर्मवेअर विनंती बफरमध्ये ठेवते आणि ती तपासण्याचे, साठवण्याचे काम गेस्टबाहेर क्यूईमूच करते. सिस्टिम मॅनेजमेंट मोड लागत नाही, त्यामुळे तो मोडच नसलेल्या एआरएमवरही सिक्युअर बूटच्या चाव्या गेस्टच्या कर्नलपासून राखता येतात. साठवण जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होते. फ्लॅशच्या प्रतिमेत बाइट मोजत बसण्याऐवजी होस्टवर ती साध्या एडिटरमध्ये उघडता येते.