मेलेल्या सेलमधली चोरी

टाकून दिलेला पेन्सिल सेल, तारेचं वेटोळं, एक ट्रान्झिस्टर आणि लख्ख पेटलेला पांढरा एलईडी. वर मथळा, ‘फुकट वीज! कंपन्या लपवतात ते गुपित!’ असले व्हिडिओ अधूनमधून फिरत येतातच. गंमत म्हणजे प्रयोग अगदी खरा असतो, थाप फक्त मथळ्यात असते.

नवा सेल १.५ व्होल्टचा. तो १.१ च्या आसपास उतरला की रिमोट मान टाकतो आणि आपण म्हणतो, सेल संपला. ऊर्जा उरलेली असते, दाब उरलेला नसतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणजे एकटा नवा सेलसुद्धा त्याच्यापुढे हतबल. ही अडचण सोडवणारं सर्किट १९९९ साली ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या ब्रिटिश मासिकात छापून आलं. पुढे त्याचं नाव पडलं ‘जूल थीफ’, म्हणजे ऊर्जाचोर (जूल हे ऊर्जेचं एकक).

सामान किरकोळ: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा), एलईडी आणि फेराइट या चुंबकीय पदार्थाची कडी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. कडी बिघडलेल्या सीएफएलच्या बुडातही सापडते, नखाएवढी, बारीक तारेच्या तीन गुंडाळ्या असलेली. मात्र काच फुटू देऊ नका, आत पारा असतो. दिवा नुकताच होल्डरमधून काढला असेल तर मोठ्या कपॅसिटरलाही (वीज साठवणाऱ्या भागाला) हात लावू नका, सणसणीत झटका बसतो.

कडीवर दोन तारा एकत्र धरून पंधरा-वीस वेढे द्यायचे. एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला जोडून तो सांधा सेलच्या धन टोकाला. ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेसला मिळणारा छोटा प्रवाह कलेक्टरपासून एमिटरकडे जाणारा मोठा प्रवाह उघडतो किंवा बंद करतो. उरलेल्या टोकांपैकी एक कलेक्टरला, दुसरं रेझिस्टरमधून बेसला. एमिटर ऋण टोकाला. एलईडी कलेक्टर-एमिटरच्या मध्ये, लांब पाय कलेक्टरकडे.

आता खरी मजा. बेसला चिमूटभर प्रवाह मिळतो, ट्रान्झिस्टर किंचित उघडतो, कलेक्टरच्या गुंडाळीत प्रवाह वाढू लागतो. प्रवाह वाढतो म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढतं, आणि बदलतं क्षेत्र शेजारच्या गुंडाळीत व्होल्टेज निर्माण करतं (शाळेतला फॅरेडे आठवा). ते बेसला आणखी रेटतं, ट्रान्झिस्टर क्षणात सताड उघडतो. पण प्रवाह कायम वाढू शकत नाही. कडी चुंबकत्वानं तुडुंब होते किंवा बेसचा प्रवाह अपुरा पडतो. वाढ मंदावली की बेसचा आधार घटतो, ट्रान्झिस्टर मिटायला लागतो, क्षेत्र उतरू लागतं, प्रेरित व्होल्टेज उलटं होतं आणि ट्रान्झिस्टर फाडकन बंद. गुंडाळीला मात्र प्रवाह एकदम थांबलेला चालत नाही. वाहता नळ झटकन बंद केला की पाइपात ‘ठक्’ होतं, तसा इथे व्होल्टेजचा धक्का बसतो. तो सेलच्या व्होल्टेजमध्ये मिळून ३ व्होल्टच्या वर जातो आणि एलईडी चमकतो. क्षेत्र रिकामं झालं की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला हजारो वेळा. डोळ्याला दिवा सलग जळताना दिसतो.

फुकट काहीच नाही. सेलनं १ व्होल्टला ६० मिलिअँपिअर दिले, तर ३ व्होल्टला जास्तीत जास्त २० मिळणार, त्यातलंही काही उष्णतेत जाणार. चुंबकावर अखंड फिरणारे पंखे दाखवणाऱ्यांना एवढाच हिशेब मागावा. लाकडी पाटाखाली दडवलेली बॅटरी आपोआप बाहेर येते.

सगळं जोडूनही दिवा पेटला नाही, तर बहुधा गुंडाळ्यांची दिशा चुकलेली असते आणि बेसला रेटणारं व्होल्टेज उलट त्याला दाबत असतं. कोणत्याही एका गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल करून पाहा.