पहिल्या गिअरचे दात टोकालाच का झिजतात?

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला की मी पहिला गिअर पुसून उजेडात धरतो. तिसऱ्या-चौथ्याचे दात बहुधा गुळगुळीत, कडा शाबूत. पहिल्याचे दात मात्र एका बाजूच्या टोकाला कुरतडलेले, उंदराने पुठ्ठा खावा तसे. दाताची मधली रुंद बाजू बरी असते आणि दुसरं टोकही जवळपास नव्यासारखं. झीज अशी एकतर्फी का, हे कळलं की दुरुस्तीचं अर्धं काम झालं.

दोन गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग एकसारखा करून देणारी सिंक्रोमेशची व्यवस्था कॅडिलॅकने १९२८ मध्येच बाजारात आणली होती. पण पहिला गिअर लागतो तो गाडी उभी असताना, मग त्याला कशाला हवी ही चैन, असा हिशेब कितीतरी कारखान्यांनी पुढे अनेक वर्षं केला. मॉरिस मायनर ही ब्रिटिश गाडी १९४८ पासून १९७१ पर्यंत बनत होती. तिच्या पहिल्याला सिंक्रोमेश शेवटपर्यंत मिळालं नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला ते १९६७ च्या अखेरीस मिळालं, छोट्या मिनीला १९६८ मध्ये.

अशा गिअरबॉक्समध्ये वरचे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात; गिअर टाकताना आपण फक्त त्यांना शाफ्टशी जोडतो. पहिल्याची तऱ्हा वेगळी. सरळ दातांचं ते अख्खं चाक शाफ्टवरून सरकतं आणि त्याचे दात काउंटर शाफ्टवरच्या (इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या, शेजारच्या समांतर दांड्यावरच्या) छोट्या गिअरच्या खाचांत आडवे घुसतात. म्हणजे गाडीचं ओझं ओढणारे दात आणि गिअर टाकताना ठोकर खाणारे दात एकच. क्लच दाबला तरी काउंटर शाफ्ट लगेच थांबत नाही, थोडा वेळ नुसताच फिरत राहतो. गाडी उभी असल्यामुळे सरकतं चाक मात्र स्थिर. घाईने दांडा ढकलला की फिरता दात थांबलेल्या दाताच्या टोकावर आपटतो. तो ‘कर्रर्र’ म्हणजे टवका उडण्याचाच आवाज.

आता पोलादाकडे वळू. गिअर सबंध कडक केला तर काचेसारखा तडकेल, मऊ ठेवला तर महिन्याभरात झिजेल. म्हणून कमी कार्बनच्या पोलादाचा गिअर कापतात, सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वातावरणात काही तास ठेवतात आणि मग तेलात बुडवून पाणी देतात. पोलादाला पाणी द्यायचं ते तेलात, भाषेची गंमत आहे. कार्बन पृष्ठभागातून जेमतेम एखादा मिलिमीटर आत शिरतो. तेवढीच साल कानशीलाही दाद न देण्याइतकी कडक होते. आतला गाभा चिवट राहतो आणि धक्के पचवतो.

टवक्यांचं काय करायचं हे या सालीवरून ठरतं. फक्त टोक गेलं असेल आणि दाताची निम्म्याहून जास्त रुंदी चांगली असेल, तर बारीक दगडाने कडेची धार मोडून गोलसर करावी. उद्देश सुंदर दिसणं हा नाही. लोंबणारा कण तुटून बेअरिंगमध्ये जाऊ नये आणि चीर पुढे सरकू नये एवढाच. दाताच्या अंगावर खड्डे पडले असतील किंवा बुडाशी केसासारखी चीर असेल, तर तो गिअर भंगारात. वेल्डिंगने दात भरून देणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या सालीचं पाणी उतरतं, भोवतालचं पोलाद ताणलं जातं, आणि वर कानशीने घासून दिलेला आकार मूळ वक्राशी जुळेलच असं नाही. पहिल्यात इंजिनचा पीळ (टॉर्क) साडेतीन पटींच्या आसपास वाढलेला असतो. असा दात तुटतो तेव्हा एकटा जात नाही.

नवा गिअर बनवून घेता येतो, पण माप झिजलेल्या भागाचं घेऊ नये. दातांची संख्या मोजली, दात जिथे समोरच्याला टेकलेच नाहीत त्या भागावरून जाडी घेतली, की मॉड्यूल, म्हणजे दातांच्या आकाराचं माप, काढता येतं: ३ मॉड्यूल आणि ३० दात म्हणजे ज्या वर्तुळावर दात एकमेकांना भेटतात त्याचा व्यास ९० मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र मॉड्यूलऐवजी इंचावरची मोजणी असते. जवळचं मॉड्यूल धरून कापलेला गिअर बसल्यासारखा वाटतो आणि रडत राहतो. शिवाय काउंटर शाफ्टवरचा छोटा गिअर तपासल्याशिवाय मोठा बदलू नये. त्याचे दात कमी, त्यामुळे प्रत्येक दाताची पाळी जास्त वेळा येते. तो चारही गिअरच्या एकसंध तुकड्याचा भाग असतो, आणि पहिल्याचं सरकतं चाक पुष्कळदा दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोची बाहेरची कडीही असतं. खर्च वाढतो तो इथे.

‘पहिला गिअर सटकतो’ या तक्रारीत गिअर निर्दोषही निघतो. दांड्याला जागेवर धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग मेलेली असते किंवा गिअर सरकवणारा काटा, म्हणजे फोर्क, झिजून गिअर पूर्ण आत जातच नसतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा मऊ काळपट गाळ काळजीचा नाही. बोटाला टोचणारे कपचे निघाले तर मात्र खोलावंच लागतं. खोलताना काउंटर शाफ्ट सरळ ओढून काढू नये. सुयांसारखे बारीक रोलर खाली ओघळतात आणि एक हरवला की संध्याकाळ गेली. तेवढ्याच जाडीचा आखूड डमी दांडा मागून सरकवत न्यावा, बसवताना रोलर ग्रीसमध्ये चिकटवावेत.

नवे दात टिकवायला एक साधी युक्ती आहे. उभ्या गाडीत क्लच दाबून आधी दांडा दुसऱ्यात टेकवायचा आणि मग पहिल्यात न्यायचा. दुसऱ्याचं सिंक्रो काउंटर शाफ्टला ब्रेक लावल्यासारखं थांबवतं. थांबलेल्या दातांत थांबलेले दात मुकाट शिरतात.

एवढं करूनही पहिल्यात गाडी ‘ऊंऽऽ’ करत निघते, आणि मालक हिरमुसतो. तिरप्या दातांची पकड एका टोकापासून हळूहळू चढते. सरळ दात पूर्ण रुंदीने एकदम टेकतात, म्हणून तो सूर. कितीतरी आधुनिक मॅन्युअल गाड्या रिव्हर्सला असंच गातात, कारण त्यांचा रिव्हर्स गिअर आजही सरळ दातांचा असतो.